आधी तबकडी ओळखावी

घरोघरच्या माळ्यांवरून, पलंगाखालच्या पेट्यांतून, गेलेल्या आजोबांच्या कपाटांतून रेकॉर्ड्स पुन्हा बाहेर येऊ लागल्या आहेत. दुकानांत नवी टर्नटेबल्स मिळतात, मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात विशी-पंचविशीतली मुलं एलपींचे गठ्ठे चाळताना दिसतात, आणि अलीकडे नवी मुंबईत एलपी छापण्याचं कामही नव्याने सुरू झालं आहे. हे सगळं मनापासून आनंदाचं आहे. मात्र पेटी उघडल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात जे घडतं, त्याची मला काळजी वाटते. धूळ दिसते, बुरशीचे ठिपके दिसतात, आणि घरातलं माणूस अगदी प्रेमाने ओलं फडकं, भांड्यांचा साबण, सर्जिकल स्पिरिट नाहीतर काच पुसायचा फवारा घेऊन बसतं. पन्नास-साठ वर्षं माळ्यावर पडून राहूनही जी तबकडी टिकली, ती त्या तासाभरात कायमची बिघडू शकते. ही पुस्तिका त्या तासासाठी लिहिली आहे. तबकडी कशाची बनली आहे ते आधी ओळखावं आणि तिच्यावरचं जे तिचं नाही तेवढंच काढावं, एवढा एकच आग्रह पुढच्या सगळ्या प्रकरणांत आहे.

काळी गोल तबकडी दिसायला सारखी असली तरी ती दोन अगदी वेगळ्या पदार्थांची असू शकते. मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड लाखेची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात ती खरवडून, शुद्ध करून, छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जगभरच्या रेकॉर्ड कारखान्यांना जात असे. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळायची, गरम लगदा साच्यात दाबायचा, की रेकॉर्ड तयार. एलपी आणि ईपी मात्र विनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची एलपी बाजारात आणली, पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान रेकॉर्ड आणली, आणि हळूहळू लाखेचं राज्य संपलं.

हा फरक महत्त्वाचा, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर लाखेचे पापुद्रे रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालतो आणि सकाळी तेच द्रावण बोळ्याने लाकडावर चढवतो. रेकॉर्डवर स्पिरिटचा बोळा फिरवला की नेमकं हेच उलट दिशेने घडतं. कापसावर काळा रंग उतरतो, पुसणाऱ्याला वाटतं वर्षांचा मळ निघतोय, आणि प्रत्यक्षात खाचेची भिंत उतरत असते. हाताला लावायचं सॅनिटायझर, कोलन वॉटर, काच पुसायचे फवारे यांतही अल्कोहोल असू शकतं. म्हणून या पुस्तिकेत लाखेच्या रेकॉर्डसाठी अल्कोहोलचा एक थेंबही सांगितलेला नाही. विनाइलवर पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरणारे जाणकार आहेत आणि न वापरणारेही आहेत. घरच्या कामाला त्याची गरज पडत नाही असं माझं मत आहे, आणि घरात बाटलीच नसली तर चुकून ती लाखेच्या रेकॉर्डवर जाण्याचा प्रश्नही उरत नाही.

ओळखायचं कसं? रेकॉर्डच्या वयावरून जाऊ नये. युरोप-अमेरिकेत ७८च्या रेकॉर्ड्स बंद झाल्यावरही आपल्याकडे त्या साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८वर निघाली आहेत. त्यामुळे गाणं १९६४ च्या चित्रपटातलं आहे, म्हणून रेकॉर्ड प्लॅस्टिकचीच असणार, हा हिशेब इथे चालत नाही. लेबलवर फेऱ्यांचा आकडा पाहावा. रेकॉर्ड हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा, दहा इंची असूनही लाखेची रेकॉर्ड हाताला जड आणि कडक लागते. कडेला नखाने अगदी हलकी टिचकी मारली तर लाख टणक वाजते, विनाइलचा आवाज बद्द येतो. वाकवून मात्र कधीही पाहू नये, लाखेची रेकॉर्ड वाकत नाही, सरळ तुटते. शेवटच्या काळातल्या काही ७८ विनाइलवरही निघाल्या, पण शंका असेल तिथे लाखच समजून वागावं. याखेरीज एक तिसरा प्रकार क्वचित सापडतो, धातूच्या चकतीवर मऊ काळा थर दिलेली, हाताने लिहिलेल्या लेबलची रेकॉर्ड. रेडिओ केंद्रांत आणि स्टुडिओंत अशा रेकॉर्ड्स थेट कोरल्या जात. तिच्यावर पांढरी तेलकट पूड आलेली असते. तिला घरी काहीही करू नये, पुसूही नये. ती एकमेव प्रत असण्याची शक्यता मोठी असते.

एकमेव प्रतीचा हा विषय लाखेच्या रेकॉर्ड्सनाही लागू आहे, म्हणून थोडं मागे जातो. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आले आणि नोव्हेंबर महिन्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. मेणावर कोरलेली मुद्रणं बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे धातूचे साचे बनून रेकॉर्ड्स छापल्या जायच्या आणि परत यायच्या. गाणं संपता संपता गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते, ते या प्रवासामुळेच. दूरच्या कारखान्यातल्या माणसाला कुणाचा आवाज ते कळावं, अशी ती सोय होती. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला, पुढे डमडमचा मोठा कारखाना झाला, आणि आपल्या घरांतल्या बहुतेक एचएमव्ही रेकॉर्ड्स तिथल्याच आहेत. त्या काळच्या अनेक मुद्रणांचे धातूचे साचे आज उरलेले नाहीत. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांची गाणी पुन्हा पुन्हा निघाली, ती आपल्याला सहज ऐकायला मिळतात. पण एखाद्या विस्मरणात गेलेल्या कीर्तनकाराचं आख्यान, कुठल्याशा शाहिराचा पोवाडा, नाटक मंडळीतल्या नटाने केलेला विनोदी संवाद, लावणी गाणाऱ्या एखाद्या बाईचा आवाज, हे पुन्हा कुणी काढलं नाही. त्यांच्यापुरती तुमच्या पेटीतली रेकॉर्ड हेच मूळ आहे. ती पुसायला घेताना एवढं मनात असावं.

आता प्रत्यक्ष खाचेकडे येऊ. एलपीची खाच माणसाच्या केसापेक्षाही थोडी अरुंद असते. एका बाजूला वीस मिनिटांचं गाणं असेल, तर बाहेरच्या कडेपासून लेबलपर्यंत तिची लांबी चारशे मीटरच्या वर भरते. स्टीरिओ रेकॉर्डमध्ये खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरलेले असतात, लेबलकडच्या भिंतीवर डावा आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा. सुई या दोन्ही भिंतींना टेकून धावते. टोकावरचं वजन जेमतेम दीड-दोन ग्रॅम, पण टेकण्याची जागा इतकी सूक्ष्म, की दाबाचा हिशेब केला तर तो चौरस सेंटिमीटरला टनांच्या घरात जातो. सुईचं टोक हिऱ्याचं, वाटेत आलेला धुळीचा कण बऱ्याचदा वाळूचा. धुळकट रेकॉर्ड वाजवली की तो कण हिऱ्याखाली दाबून मऊ भिंतीत रुतवला जातो. एकदा रुतला की कुठलंही पाणी त्याला काढत नाही. म्हणूनच ‘आधी वाजवून बघू, खराब वाटली तर धुऊ’ ही नेहमीची पद्धत मला पसंत नाही. माळ्यावरून आलेली रेकॉर्ड आधी स्वच्छ व्हावी, मगच तिच्यावर सुई उतरावी.

ख्यालाच्या एलपीला तर ही काळजी जास्तच लागते. रेकॉर्ड एका ठरावीक गतीने फिरते, पण खाचेचा घेर आत जाताना लहान होत जातो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, शेवटी लेबलजवळ ती २१-२२ सेंटिमीटरवर येते. म्हणजे तेवढंच गाणं आत निम्म्याहून कमी जागेत बसवलेलं असतं, वळणं दाट होतात, आणि झिजलेली किंवा मळकी सुई तिथेच सर्वांत जास्त चरते. आता आपल्या गाण्याचा क्रम पाहा. तंबोरे, हलकेच लावलेला पहिला षड्ज, विलंबित आलाप हे सगळं बाहेरच्या कडेला, म्हणजे जिथे बोटं लागतात आणि धूळ पहिल्यांदा बसते तिथे. तिथे आवाज इतका नाजूक असतो, की एक कण टचकन ऐकू येतो. आणि द्रुत, ताना, तबल्याचा जोर हे सगळं आतल्या दाट खाचांत, जिथे भिंती सर्वांत लवकर झिजतात. किशोरी आमोणकरांच्या भूप-बागेश्रीच्या एलपीच्या जुन्या प्रती मी अनेक घरांतून ऐकल्या आहेत. बहुतेक प्रतींत सुरुवात खरखरते आणि शेवट फाटतो, मधला भाग स्वच्छ असतो. सुरुवातीची खरखर धुण्याने जाते. शेवटचं फाटणं जात नाही. पहिलं मळामुळे आहे, दुसरं वर्षानुवर्षांच्या बोथट सुईमुळे.

हे वेगळं ओळखता येणं फार उपयोगाचं आहे. रेकॉर्ड ऐकताना टक् आवाज ठरावीक अंतराने येत असेल, एलपीवर बरोबर १.८ सेकंदांनी, तर तो आडवा ओरखडा आहे. रेकॉर्डची एक फेरी तेवढ्याच वेळात होते. ओरखडा धुऊन जाणार नाही, त्यावर वेळ घालवू नये. अनियमित, पावसासारखी खरखर असेल तर ती धूळ नाहीतर स्थिर विद्युत. मोठा सूर लागला की तेवढाच आवाज फाटत असेल तर झीज. आणि ७८वरचा सतत चालणारा खसखस आवाज काही अंशी दगडाच्या पुडीचाच असतो, तो रेकॉर्डच्या अंगचा आहे. तो घालवण्याच्या हट्टाने लोकांनी चांगल्या रेकॉर्ड्स घासून घासून संपवलेल्या आहेत.

स्थिर विद्युतेचं सांगायचं तर विनाइलला कागदी पाकिटातून बाहेर काढण्याच्या नुसत्या घर्षणाने ती येते आणि मग आसपासची धूळ ती स्वतःकडे ओढून घेते. पुणे, सोलापूर, नागपूर अशा कोरड्या हवेच्या गावांत डिसेंबरपासून हा त्रास वाढतो. तिथे रोज उपयोगी पडतो तो कार्बन धाग्यांचा ब्रश. रेकॉर्ड फिरत असताना तो वरच्यावर टेकवायचा, दोन-तीन फेऱ्या होऊ द्यायच्या, आणि बाहेरच्या कडेकडे अलगद सरकवत उचलायचा. दाबायचा नाही. रोजच्या ऐकण्याला एवढं पुरतं. आधीच स्वच्छ असलेली एलपी दर वेळी ओली करण्यात काही अर्थ नाही.

ओल्या धुण्याची कृती पुस्तिकेत सविस्तर दिली आहे, इथे तिच्यामागचा विचार सांगतो. पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यात क्षार असतात, बोअरच्या पाण्यात तर फारच. पाणी उडून जातं आणि क्षार खाचेत बसतात, म्हणजे एक कचरा काढून दुसरा भरल्यासारखं होतं. आरओचं पाणीही पूर्ण क्षारमुक्त नसतं. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणाऱ्या पाण्याचा दर्जा सगळीकडे सारखा नसतो, तेव्हा औषधाच्या किंवा प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून घेतलेलं बरं. नुसतं पाणी विनाइलवर थेंब थेंब होऊन बसतं, खाचेत उतरत नाही. त्याला उतरवायला अगदी थोडं द्रव्य लागतं, फोटोच्या फिल्म धुताना शेवटी जे वापरत ते, किंवा टर्जिटॉलसारखं. लिटरभर पाण्याला काही थेंब पुरतात. भांड्यांच्या साबणात सुगंध, रंग आणि हात मऊ ठेवणारे पदार्थ असतात, ते मागे राहतात. म्हणून साबण वर्ज्य.

रेकॉर्ड मऊ, स्वच्छ टॉवेलवर ठेवावी, लेबल झाकावं. लेबल झाकायला प्लॅस्टिकच्या डब्याचं योग्य मापाचं झाकण आणि त्याखाली रबराची चकती असली तरी चालतं. द्रावण शिंपडून मऊ, दाट केसांच्या ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवावं, आडवं कधी नाही. केसांची टोकं खाचेत शिरतील इतकाच हात, जोर नाही. मिनिटभर द्रावण तसंच राहू द्यावं. बोटांचे ठसे म्हणजे तेल आणि घाम, त्यांना सुटायला वेळ लागतो. मग येतो तो टप्पा जो सगळे विसरतात, सुटलेला मळ रेकॉर्डवरून उचलणं. मळ पाण्यात सुटला आणि पाणी तिथेच सुकलं, तर मळ पुन्हा खाचेच्या तळाशी जाऊन बसतो, आता नीट पसरून. इंग्लंडमध्ये ‘द ग्रामोफोन’ मासिकाचे तांत्रिक संपादक पर्सी विल्सन यांनी साठच्या दशकात यावर यंत्र बनवलं आणि कीथ मंक्स यांनी ते विक्रीला आणलं. बारीक नळीने मळकं पाणी खाचेतून ओढून घ्यायचं, हे त्याचं सगळं तत्त्व. बीबीसीच्या ग्रंथालयात ही यंत्रं वापरली गेली. घरी यंत्र नसेल तर स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने ते पाणी टिपून घ्यावं, कापडाची बाजू बदलत राहावी, आणि नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने आणखी एकदा तेच करावं. जुन्या धोतराचं मऊ कापड चांगलं वाटतं, पण ते तंतू सोडतं. टिपून झाल्यावर रेकॉर्ड कडेवर उभी करून सुकवावी. ताटाळ्यात ती छान उभी राहते, फक्त ताटाळं कोरडं आणि खरकट्याच्या वासापासून दूर असावं. उन्हात ठेवू नये आणि पंख्याखालीही नको, कारण पंखा खोलीभरची धूळ ओल्या रेकॉर्डवर आणून बसवतो.

लाखेच्या रेकॉर्डला हेच, पण कमी पाणी आणि कमी वेळ. ती भिजत ठेवायची नाही. कडेला केसासारखी चीर असली तर तिच्यात पाणी शिरतं, आणि काही रेकॉर्ड्सच्या पोटात कागदाचा थर असतो, तो फुगतो. ओला ब्रश फिरवला, लगेच टिपलं, लगेच उभी केली. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्यांकडून आलेल्या ७८ मला अनेकदा पाहायला मिळाल्या. गणपतीच्या मांडवांत, लग्नांत पोलादी पिनने शेकडो वेळा वाजलेल्या. त्यांच्या खाचा डोळ्यांना राखाडी दिसतात, आणि तळाला पिनच्या घासलेल्या लोखंडाची, धुळीची आणि कधी त्या पिनला लावलेल्या तेलाची काळी पेस्ट असते. पहिल्या धुण्यात पाणी चहासारखं होतं. दुसऱ्या धुण्यात स्वच्छ आलं की तिथे थांबावं. राखाडीपणा तसाच राहणार, ती झीज आहे. अशा रेकॉर्डवरही ७८साठीची जाड टोकाची सुई लावली तर पुष्कळदा आवाज बरा येतो, कारण ती भिंतीच्या वेगळ्या उंचीवर टेकते. एलपीची बारीक सुई मात्र त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन मळातच लोळते. जुन्या प्लेअरवर ‘७८’ आणि ‘एलपी’ असं लिहिलेली छोटी कळ असते ती याचसाठी, आणि ती फिरवायला विसरू नये.

फेविकॉलचा थर देऊन वाळल्यावर सोलायची युक्ती हल्ली पुष्कळ लोक सांगतात. विनाइलवर ती कधी कधी काम करते हे खरं आहे. पण थर एका जागी तुटला, पातळ लागला किंवा लेबलवर गेला तर उरलेला गोंद खाचेतून काढायला काही उपाय नाही. लाखेवर तर तिचं नावही काढू नये. खोबरेल तेलाने चकाकी आणायची जुनी सवयही सोडावी. तेल धूळ धरून ठेवतं आणि बुरशीला खाऊ घालतं.

बुरशी हे आपल्या किनाऱ्यावरचं मोठं दुखणं आहे. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. कोकणातून आणि गोव्यातून येणाऱ्या पेट्यांत, मग त्या नाट्यगीतांच्या असोत की लोर्ना आणि ख्रिस पेरी यांच्या कोंकणी ईपींच्या, पांढरी जाळी जवळपास ठरलेलीच. बुरशी सहसा विनाइल खात नाही. तिला बोटांचं तेल, धूळ, कागदी पाकीट, लेबलखालचा डिंक हवा असतो. तेव्हा स्वच्छ रेकॉर्ड आणि कोरडं पाकीट हीच तिच्यावरची खरी तजवीज. बुरशी आलेली रेकॉर्ड घरात झटकू नये, गॅलरीत न्यावी, तोंडाला मास्क लावावा, आणि ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी. धुतल्यावर तिला जुन्या पाकिटात परत घालू नये, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. जुनं पाकीट वाळवून वेगळं जपावं. ७८च्या साध्या खाकी पाकिटांवर गावोगावच्या रेकॉर्ड विक्रेत्यांची नावं, पत्ते, सायकली आणि शिवणयंत्रांच्या जाहिराती छापलेल्या असतात, तोही इतिहासच आहे. ओल्या धुण्याचं मोठं काम भर पावसाळ्यात काढू नये. रेकॉर्ड दिवसभर सुकत नाही आणि ओलसर रेकॉर्ड पाकिटात गेली तर आपणच बुरशी पेरतो. दिवाळीनंतरचे दोन महिने त्याला सर्वांत चांगले.

पाकिटांबद्दल थोडं कडक बोलतो. जाड, मऊ, कपड्यांच्या कव्हरसारखं वास येणारं पारदर्शक प्लॅस्टिक एलपीला लावू नये. त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू सुटतं आणि रेकॉर्डवर धुरकट डाग उमटवतं. तो डाग निघत नाही. आत पातळ पॉलिथिनचं गोल तळाचं पाकीट, बाहेर साधं पॉलिप्रोपिलीन, एवढं पुरे. कपाटात डांबरगोळ्याही नकोत.

ठेवायच्या पद्धतीवर शास्त्रीय काम जुनं आहे. १९५९ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पिकेट आणि लेमको यांचा ध्वनिमुद्रिकांच्या जतनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि रेकॉर्ड्स सरळ उभ्या ठेवाव्यात हा त्यातला सल्ला आजही तसाच लागू आहे. आडव्या ठेवल्या तर तळातल्या रेकॉर्डवर सगळं वजन येतं, तिरक्या ठेवल्या तर त्या हळूहळू त्याच तिरकेपणात वाकतात. शंभर एलपींचं वजन पाकिटांसकट वीस किलोच्या वर जातं, तेव्हा फळी पातळ नको. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, कारण पावसात तीच भिंत ओल धरते. आणि मे महिन्यात बंद गाडीत पाच मिनिटंही नको. विनाइल साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि उन्हातल्या गाडीच्या काचेमागे तेवढं तापमान सहज होतं.

रेकॉर्ड स्वच्छ करून मळकी सुई टेकवली तर काय उपयोग? धुतल्यानंतरच्या पहिल्या वाजवण्यात सुईच्या टोकाला करड्या लोकरीसारखा पुंजका जमतो, हे चांगलं लक्षण आहे, सुटलेला उरलासुरला मळ वर आला. सुई मागून पुढे, म्हणजे कार्ट्रिजच्या मागच्या अंगाकडून आपल्याकडे, अशीच साफ करावी. बाजूने ब्रश मारला तर तिची दांडी वाकते. हिऱ्याचं टोकही झिजतं, साधारण पाचशे ते हजार तासांत. साठ-सत्तरच्या दशकातल्या प्लेअरची मूळ सुई आजवर बदललेली नसेल, तर त्या प्लेअरवर काहीही लावण्याआधी नवी सुई आणावी. आजोबांचा प्लेअर आणि आजोबांची रेकॉर्ड एकत्र ऐकण्याची इच्छा मला समजते, पण आधी सुई.

या पुस्तिकेत एक प्रकरण नोंदीबद्दल आहे आणि ते वगळू नये अशी विनंती आहे. रेकॉर्ड धुण्याआधी लेबलचा, पाकिटाचा आणि लेबलभोवतीच्या मोकळ्या पट्टीवर कोरलेल्या आकड्यांचा फोटो काढून ठेवावा. त्या आकड्यांवरून मुद्रण कुठलं आणि कधीचं याचा माग लागतो. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था, तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक आणि डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या अभ्यासकांनी केलेलं काम यांमुळे आपल्याकडे रेकॉर्ड्सच्या याद्या, क्रमांक, कलाकारांची माहिती जमा होत गेली. तुमच्या पेटीतल्या एखाद्या अनोळखी लेबलचा फोटो त्या यादीतली रिकामी ओळ भरू शकतो.

शेवटी फुटलेल्या रेकॉर्ड्सविषयी, कारण पेटी उघडल्यावर एखादी तरी फुटलेली निघतेच. तिला फेकू नये आणि घरी गोंदाने जोडूही नये. गोंद सांध्यात भरला की दोन तुकड्यांच्या खाचा एकमेकांसमोर येतच नाहीत. सगळे तुकडे, अगदी नखाएवढा चुरासुद्धा, एका सपाट खोक्यात कागदाचे थर देऊन, एकमेकांना न घासता ठेवावेत, आणि त्याच खोक्यावर लेबलचा क्रमांक लिहावा. तुकडे पाटावर जुळवून, बाहेरून टेकू देऊन, हळू फिरवत वाजवून त्यातून गाणं काढणारे जाणकार आहेत. त्यांना तुकडे पूर्ण लागतात, स्वच्छ नसले तरी चालतात.